दोन कुटुंबं, नऊ पानं: व्हिएतनाममध्ये अनोळखी जेवण वाटून कसं खायचं

हनोईच्या जुन्या पेठेत एका दुकानात आम्ही नऊ जण दाटीवाटीनं बसलो होतो. टेबलावर छोटी शेगडी, तिच्यावर पसरट कढई आणि कढईत हळदीनं पिवळेधम्मक झालेले माशाचे तुकडे चुरचुरत होते. वाढणारी बाई आली आणि तिनं ओंजळभर हिरवा पाला त्यावर टाकला. माझ्या सासूबाई मासे खात नाहीत, म्हणून जरा लांब सरकून बसल्या होत्या. वास आला तशा त्या एकदम पुढे वाकल्या. "अगं, शेपू हा!"

शेपूच होता. सोबत कांद्याची पात, वाटीत भाजलेले शेंगदाणे आणि एका ताटलीत तांदळाच्या पांढऱ्या शेवया. या पदार्थाचं नाव 'चा का'. हनोईत याच नावाचा एक रस्ताही आहे. हळद, शेपू, शेंगदाणे, शेवया. यातली एकही गोष्ट आपल्या स्वयंपाकघराला परकी नाही. मासा आणि शेपू यांचं लग्न मात्र माझ्या रत्नागिरीच्या माहेरी कुणी कधी लावलं नव्हतं.

दोघंच गेलो असतो तर हे मागवलं नसतं. चार तुकड्यांसाठी एवढे पैसे कशाला, आवडलं नाही तर काय, असं म्हणून सरळ भारतीय हॉटेल शोधलं असतं. नऊ जण होतो म्हणून मागवलं. दोन जणांपुरतं मागवलं, खाणाऱ्या सगळ्यांनी चाखलं, आवडलं तेव्हा आणखी सांगितलं. परदेशात मुलाबाळांसह, मित्रांसह तिथलं खरं जेवण जेवायचं असेल तर सगळी गोम इथेच आहे. ताट वाटलं की भीतीही वाटली जाते. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ज्या पद्धतीनं खाल्लं ती सविस्तर सांगते. तुम्ही व्हिएतनामला जा की आणखी कुठे, पद्धत तीच चालेल.

आमची तोंडं अशी: मी, नवरा, सासूबाई, चौदा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा धाकटा. दुसऱ्या बाजूला माझी कॉलेजातली मैत्रीण, तिचा नवरा आणि त्यांच्या दोन मुली, बारा आणि सात वर्षांच्या. सासूबाई कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मैत्रिणीच्या मोठीला कोळंबीची ॲलर्जी. गोमांस नऊपैकी कुणीच खात नाही. म्हणजे अडचणी पुरेशा होत्या.

निघण्याआधी एक बैठक

तिकिटं काढल्यावर एका रविवारी आमच्याकडे पोह्यांना सगळ्यांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात कागद दिला. कागदावर तीन रकाने: कधीच खाणार नाही, बघून ठरवीन, खायचंच आहे. मोठ्यांनीही भरायचा आणि मुलांनीही, एकमेकांचं न बघता.

हे आधी करण्याचं कारण आहे. परदेशातल्या दुकानात, भुकेल्या पोटी, रांगेत मागे माणसं उभी असताना कुणी कुणाला "अरे खाऊन तर बघ" म्हणू लागलं की भांडणं होतात. मित्रांची मैत्रीसुद्धा अशा वेळी ताणली जाते. पहिल्या रकान्यावर वाद घालायचा नाही, हे आम्ही त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यात सासूबाईंचं मांस-मासे-अंडं होतं आणि माझ्या थोरलीचं "ज्याचं डोकं दिसतं ते" हेही होतं. दोन्हीला सारखाच मान. मजा असते ती मधल्या रकान्यात. आमच्या सगळ्यांचा मधला रकाना सगळ्यांत लांब निघाला.

त्याच बैठकीत डझनभर शब्द पाठ केले. व्हिएतनामी लिहितात रोमन अक्षरांत, त्यामुळे पाट्या वाचता येतात. उच्चार मात्र सुरावर अवलंबून असतो, सूर चुकला की समोरचा माणूस गोंधळतो. म्हणून शब्द बोला, पण फोनवर लिहून दाखवायची तयारीही ठेवा. 'बो' म्हणजे गोमांस, 'गा' म्हणजे कोंबडी, 'का' म्हणजे मासा, 'तोम' म्हणजे कोळंबी. डुकराच्या मांसाला उत्तरेत 'लन' म्हणतात, दक्षिणेत 'हेओ'. 'खोंग' म्हणजे नको किंवा नाही. 'काय' म्हणजे तिखट, त्यामुळे 'खोंग काय' म्हटलं की तिखट नको. आणि सासूबाईंसाठी सगळ्यांत मोलाचा शब्द 'चाय'. चहा नव्हे, शाकाहारी!

'फो' नावाचं जे प्रसिद्ध शेवयांचं सूप आहे ते बहुतेक दुकानांत बो असतं किंवा गा. आपल्यातल्या अनेकांना हे माहीत नसतं आणि वाटीत काय आलं ते निम्मं संपल्यावर कळतं. 'फो गा' असं स्पष्ट सांगा. त्यातही जिथे फक्त कोंबडीचंच करतात तिथे जा, म्हणजे सुपाचं पाणीही कोंबडीचंच असेल.

हाक कशी मारायची

याला वेगळं सांगायचं कारण, मला तिथं सर्वांत जास्त आपलेपण यात वाटलं. व्हिएतनामी माणूस अनोळखी माणसालाही नात्यानं हाक मारतो. वयानं थोड्या मोठ्या बाईला 'चि' म्हणजे ताई, मोठ्या पुरुषाला 'आन्ह' म्हणजे दादा, लहानाला 'एम', आजीच्या वयाच्या बाईला 'बा'. आणि त्याच्यापुढे 'ओइ' लावायचं, आपल्या 'अहो', 'अगं' सारखं. "चि ओइ!" म्हटलं की वाढणारी ताई वळून बघते. इंग्रजीत 'एक्स्क्यूज मी' म्हणून दहा मिनिटं हात हलवणारे पर्यटक मी शेजारी पाहिले. आमची सात वर्षांची "बा ओइ" म्हणाली की पातेल्यामागची आजी स्वतः उठून यायची. मुलांना हे शब्द आधी शिकवा. आपल्याकडे भाजीवालीला मावशी म्हणतो, तसंच आहे, त्यांना एका दिवसात जमतं.

टेबलावर बसल्यावर

पहिल्यांदा दोनच पदार्थ मागवायचे, नऊ जणांना दोन. वाढणारे चकित होतात, होऊ द्या. छोट्या वाट्या जास्तीच्या मागून घ्यायच्या. मग एक मोठा माणूस सगळ्यांच्या वाटीत घासभर वाढतो. हे काम आमच्याकडे मैत्रिणीच्या नवऱ्यानं आनंदानं घेतलं. आवडलेलं पुन्हा मागवायचं, नावडलेलं ज्याला आवडलं त्याच्याकडे सरकवायचं. अन्न वाया जात नाही आणि पोटही पहिल्याच पदार्थानं भरत नाही.

मुलांसाठी एकच कायदा होता: "शी" म्हणायचं नाही. समोर ज्या माणसानं ते शिजवलंय त्याला आपली भाषा कळत नसली तरी चेहरा कळतो. तोंडात घातलेलं आवडलं नाही तर कागदी रुमालात काढायची मोकळीक आहे, कुणी रागावणार नाही. पण आवाज नाही. पहिल्या दिवशी धाकट्याला दोनदा आठवण करून द्यावी लागली, नंतर तोच इतरांना करून द्यायला लागला.

रोज एका मुलाची पाळी असायची. त्या दिवशी संध्याकाळचा एक पदार्थ तो किंवा ती निवडणार आणि मोठे निमूट खाणार. मूल जेव्हा स्वतः निवडतं तेव्हा ते घाबरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सात वर्षांच्या मुलीनं चित्र बघून 'बान सेओ' निवडला. तांदळाचं पीठ आणि हळद घातलेलं कुरकुरीत धिरडं, आत कोळंबी, डुकराचं मांस, मोड आलेले मूग. तिच्या ताईसाठी कोळंबी नसलेला वेगळा करून घेतला. तो पानात आणि पाल्यात गुंडाळून हातानं खायचा असतो. हातानं खायचं म्हटल्यावर सासूबाईंनाही हुरूप आला. नुसत्या मुगाचा मिळेल का, असं त्यांनी विचारायला लावलं. मिळाला. वेगळ्या तव्यावर, नुसत्या तेलात. "आपलं घावनच की," त्या म्हणाल्या आणि दोन खाल्ले.

शंखशिंपल्यांचं जरा वेगळं. हनोईत संध्याकाळी फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक 'ऑक' खातात, म्हणजे गोगलगायी. गवती चहा आणि लिंबाच्या पानांत उकडलेल्या, वाफाळत्या वाडग्यात येतात. सोबत आलं, मिरची, लिंबू घातलेली चटणी. मी तिसऱ्या आणि कालवं खाऊन वाढलेली, मला काही विशेष वाटलं नाही. मैत्रिणीचा नवरा नागपूरचा. त्यानं आयुष्यात शिंपला तोंडात घातला नव्हता. त्याला कुणी आग्रह केला नाही. मी फक्त शेजारी बसून दाखवलं: शंखाचं तोंड आपल्याकडे, सुई मांसात टोचायची, सुई स्थिर धरायची आणि शंख हळूहळू फिरवायचा. मांस वेटोळं घालत अख्खं बाहेर येतं. ओढलं तर तुटतं आणि निम्मं आत राहतं. त्यानं पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग एक काढला, चटणीत बुडवला, तोंडात टाकला, चावत राहिला. दुसरा काढला. वाडगं रिकामं झालं तेव्हा त्याच्यासमोर अकरा शंख होते, ते मुलींनी मोजले.

गर्भ असलेलं बदकाचं अंडं तिथं लोक सकाळी नाश्त्याला खातात, आलं आणि एका तिखटसर पाल्यासोबत. ते एकट्यानंच खायचं असतं, वाटून घेता येत नाही, म्हणून आमच्या पद्धतीत ते बसत नाही. माझ्या नवऱ्यानं एकट्यानं खाल्लं. त्याची इच्छा होती, त्यानं केलं.

अंड्याची कॉफी मात्र जरूर घ्या आणि दोघांत एक घ्या, कारण ती फार घट्ट असते. अंड्याचा बलक आणि आटवलेलं गोड दूध फेसून कॉफीवर घालतात. १९४६ मध्ये दूध मिळेनासं झालं होतं, तेव्हा हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान जांग यांनी ती शोधून काढली. त्यांच्या कुटुंबाचं कॅफे आजही चालू आहे.

पैशांचं

काँट्री पहिल्याच दिवशी काढा. आम्ही एका पाकिटात दोन्ही कुटुंबांनी सारखे पैसे टाकले आणि पाकीट मैत्रिणीकडे दिलं. संपलं की पुन्हा टाकायचे. कुणी किती घास खाल्ले याचा हिशेब ठेवायचा नाही. आमच्याकडे एक माणूस जास्त होता, म्हणून शेवटच्या रात्रीचं जेवण आमच्याकडून, एवढं आधीच ठरलं होतं.

डोंग हे तिथलं चलन. आम्ही गेलो तेव्हा साधारण ३०० डोंगांना एक रुपया पडत होता. फोची वाटी हनोईत साठ-सत्तर हजार डोंगांना मिळाली, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे रुपये. शून्यं बघून दडपून जाऊ नका, पण नोटा नीट बघा. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या असतात. अंधुक उजेडात आम्ही एकदा वीसच्या जागी पाच लाखांची दिली होती. फळं विकणाऱ्या त्या बाईनंच ती परत हातात ठेवली. टेबलावर न मागता आलेला ओला रुमाल आणि शेंगदाणे यांचे पैसे बिलात लागतात, ती फसवणूक नव्हे, पद्धत आहे. नको असेल तर उघडू नका.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर

इथे आमची एक चूक झाली आणि ती मला अजून लागते. दुसऱ्या दिवशी एका दुकानात सासूबाईंसाठी लसणावर परतलेली पालेभाजी आणि भात मागवला. पोकळ देठांची, पाण्यात वाढणारी भाजी असते, फार चवदार. मांस नको, मासा नको, असं आम्ही सांगितलं होतं. त्यांनी दोन घास खाल्ले, थांबल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "याला सुकटीसारखा वास येतोय का गं?" मी चाखलं. 'न्युक माम' होतं. मासे आणि मीठ महिनोन्महिने मुरवून काढलेलं पाणी. तिथं ते मिठाच्या जागी वापरतात, म्हणून वाढणाऱ्याला ते मासा वाटतच नाही. सासूबाई उठल्या, चूळ भरून आल्या आणि काही बोलल्या नाहीत. मुलांसमोर त्यांनी चेहरासुद्धा बदलला नाही. दोष दुकानाचा नव्हता, आम्ही अर्धवट विचारलं होतं.

तेव्हापासून आम्ही 'मांस नको' म्हणणं सोडलं आणि 'आन चाय' म्हणायला लागलो. ही धर्माची भाषा आहे, म्हणून ती अचूक कळते. व्हिएतनाममधले बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय पाळतात, आपल्याकडे एकादशी पाळतात तसं. 'चाय' म्हटलं की मासा, न्युक माम, चरबी, सगळं आपोआप बाद होतं. अनेक ठिकाणी कांदा-लसूणही घालत नाहीत. अंड्याचं मात्र वेगळं विचारून घ्या. आणि शक्य असेल तर 'कोम चाय' पाटी असलेल्या खास शाकाहारी खाणावळीत जा. गावोगावी असतात, देवळांच्या आसपास हमखास.

आणखी एक करा. शाकाहारी माणसाला रोज 'जुळवून' घ्यायला लावू नका. दिवसातलं एक जेवण त्या माणसाच्या ठिकाणी, सगळ्यांनी. आम्ही हुए शहरात होतो त्या दिवशी १५ नोव्हेंबर होता, त्रिपुरी पौर्णिमा. तिथंही तीच पंधरावी तिथी. बाहेर पाऊस. चाय खाणावळीत बसायला जागा नव्हती, अख्खी कुटुंबं आली होती, आज्या आणि नातवंडं. केळफुलाची कोशिंबीर, कच्च्या फणसाची भाजी, सोयाबीनच्या पनीरचे टोमॅटोत घोळलेले तुकडे, कमळाच्या बिया घातलेला भात. सासूबाईंनी पहिल्यांदाच सगळं चाखलं, कुणाला काही न विचारता. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. त्यांनीही जोडले. त्या जेवणाची पाळी थोरलीची होती आणि तिनं ते आजीसाठी निवडलं होतं, हे मला नंतर कळलं.

ॲलर्जी आणि पोट

कोळंबीची ॲलर्जी असलेल्या मुलीसाठी मैत्रिणीनं घरूनच व्हिएतनामीत कार्ड छापून आणलं होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. 'मला कोळंबीची ॲलर्जी आहे, कोळंबीचा वाटलेला लगदाही चालत नाही.' हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. 'माम तोम' नावाचा जांभळट, उग्र वासाचा आंबवलेला लगदा कितीतरी पदार्थांत असतो. चा काच्या माशालाही तो मुरवताना लावतात. आपल्या जवळ्याच्या चटणीची आठवण येते, पण वास दसपट. त्या दुकानात कार्ड दाखवल्यावर वाढणाऱ्या बाईनं मान हलवून नाही म्हटलं. मुलीनं त्या रात्री मासा खाल्ला नाही, तिला आम्ही आधीच बान मी, म्हणजे तिथला भरलेला पाव, खाऊ घातला होता. औषध कायम आईच्या पर्समध्ये, सामानात नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेही छापा. उत्तरेत आणि दक्षिणेत शेंगदाण्याला वेगळे शब्द आहेत, दोन्ही लिहा.

पोटासाठी आमचं साधं धोरण होतं. पहिला दिवस गरम सूप आणि भात. जिथं स्थानिक लोकांची गर्दी, तिथंच बसायचं, कारण तिथला माल शिळा राहत नाही. बुन चा हा दुपारचा पदार्थ, तो दुपारीच खायचा. कोळशावर भाजलेल्या डुकराच्या टिकिया, शेवया आणि आंबटगोड पाणी. २०१६ मध्ये बराक ओबामा आणि अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन यांनी हनोईत तोच खाल्ला होता. ताटलीभर येणारा कच्चा पाला मोठे तसाच खात, मुलांचा आणि सासूबाईंचा आम्ही उकळत्या सुपात बुडवून घेत असू. मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटं नेली होती, दोन लागली.

घरी जेवायला बोलावलं तर

नवऱ्याच्या कामातले एक सहकारी हनोईत राहतात. त्यांनी सगळ्या नऊ जणांना घरी बोलावलं. असं बोलावणं आलं तर हॉटेलाचं कितीही मोठं बुकिंग सोडा आणि जा.

न्यायचं काय, यावर आम्ही बराच विचार केला. काजूकतली नेणार होतो, पण काजूगर निर्यात करण्यात व्हिएतनाम जगात पहिला. शेवटी घरच्या भाजणीच्या चकल्या आणि मेतकूट नेलं. मेतकूट कसं खायचं ते सासूबाईंनी स्वतः गरम भातावर कालवून दाखवलं. यजमानांच्या आईनं दोनदा मागून घेतलं.

जमिनीवर चटई, मध्ये मोठं गोल ताट आणि त्यात सगळे पदार्थ. पंगत नाही, रिंगण. जेवायला सुरुवात करण्याआधी त्यांच्या छोट्या मुलीनं मोठ्यांतल्या एकेकाकडे बघून, नात्याचं नाव घेऊन, जेवायला बसण्याची विनंती केली. आजी, आजोबा, बाबा, आई आणि मग आमच्याकडे वळून आमच्या सासूबाई. त्याशिवाय लहानांनी जेवायची काडी, म्हणजे चॉपस्टिक, उचलायची नाही. आमच्या मुलांनी ते पाहिलं आणि न सांगता थांबली. तुम्हीही थांबा. सर्वांत वडीलधाऱ्यांनी सुरुवात केली की मग.

आपल्या मनात उष्ट्याचा प्रश्न असतो. चटणीची वाटी मध्ये एकच आणि सगळे त्यात बुडवतात. छोट्या वाट्या मागितल्या तर कुणाला वाईट वाटत नाही. यजमानबाई दुसऱ्याला वाढताना काड्या उलट्या करून, तोंडाला न लागलेल्या टोकानं वाढत होत्या, ते आम्हीही शिकलो. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. मृतांपुढच्या वाटीत उदबत्ती खोचतात, तसं ते दिसतं. आणि आग्रह होतो, आपल्यासारखाच. वाटी रिकामी दिसली की भरते. पुरे झालं की वाटीवर हात ठेवा.

मग एक बशी आली. लिंबाच्या पानांच्या बारीक चिरलेल्या तुकड्यांत परतलेले, तपकिरी, बोटाच्या पेराएवढे काहीतरी. यजमान म्हणाले, रेशमाचे किडे. कोशातून रेशमाचा धागा काढून घेतल्यावर जो आत उरतो, तो. थोरलीनं हात मांडीवर ठेवले. तिला कुणी काही म्हटलं नाही. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यानं एक उचलला. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. "भिजवलेल्या शेंगदाण्यासारखं," तो म्हणाला आणि दुसरा घेतला. मी एक खाल्ला, मैत्रिणीनं अर्धा. चव खरंच दाण्यासारखी, जरा मलईदार.

सासूबाई बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे माझ्या पैठणीतून हेच निघालं असणार ना?" मी हो म्हटलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग यजमानांच्या आईला सांगायला लावलं, "तुम्ही याला टाकून देत नाही, हे चांगलं करता." त्यांनी स्वतः खाल्लं नाही, खाणारही नव्हत्या. त्यांच्यासाठी वेगळं चाय केलेलं ताट होतं. पण बशी त्यांच्या पुढ्यातून सरकवायला मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला, "राहू दे तिथेच."

परत आल्यावर

एखादा पदार्थ घरी करून बघा आणि ज्यांच्याबरोबर खाल्ला त्यांनाच बोलावा. आम्ही चा का केला. अर्धा किलो रावस, काटे काढून, दोन बोटांएवढे तुकडे. एक चमचा हळद, मोठा तुकडा किसलेलं आलं, दोन चमचे आंबट दही, मीठ, थोडी मिरपूड. तिथं आल्यासारखंच एक कंद आणि आंबवलेला भात घालतात, दही त्याची जागा बऱ्यापैकी भरून काढतं. माम तोम मुद्दाम वगळलं, म्हणजे मैत्रिणीची मोठीही खाऊ शकेल. अर्धा तास मुरवा. पसरट तव्यात सढळ तेलावर दोन्ही बाजूंनी तांबूस करा. मग टेबलावर शेगडी ठेवून, सगळ्यांच्या समोर, एक अख्खी जुडी शेपू आणि एक जुडी कांद्याची पात लांब चिरून वरून घाला. अर्ध्या मिनिटात उतरवा, शेपू हिरवागार राहिला पाहिजे. शेवयांसाठी मी शिरवाळे पाडले, नारळाच्या रसाऐवजी नुसते. वर भाजलेले दाणे, कोथिंबीर, पुदिना आणि लिंबू-साखर-मिरचीचं पाणी. सासूबाईंसाठी हेच सगळं पनीरचं, दुसऱ्या तव्यात.

त्या रविवारी मैत्रिणीच्या मोठीनं तिच्या वाट्याचा मासा पहिल्यांदा खाल्ला. वाढायचं काम तिच्या बाबांकडेच होतं.